'जॉनी क्वेस्ट'चा ब्ल्यू-रे संच: सव्वीस भाग, तीन डिस्क

हॅना-बार्बेरा या अमेरिकी कार्टून-निर्मात्यांच्या 'जॉनी क्वेस्ट' या १९६४-६५ च्या साहसी कार्टून मालिकेचे सर्व २६ भाग तीन डिस्कवर देणारा वॉर्नर आर्काइव्हचा ब्ल्यू-रे संच २०१९ साली निघाला. मी तो यंदा एप्रिलमध्ये परदेशातून मागवला आणि मृगाच्या पावसात वीज जाऊ-येऊ लागण्यापूर्वी पूर्ण पाहून घेतला. ब्ल्यू-रेच्या विभागणीत अमेरिका 'ए' गटात, तर भारत 'सी' गटात मोडतो, आणि एका गटाची डिस्क दुसऱ्या गटाच्या प्लेयरवर चालेलच असे नाही, त्यामुळे थोडी धाकधूक होती. पण माझ्या साध्या प्लेयरने तिन्ही डिस्क विनातक्रार घेतल्या.

कार्टून नेटवर्क १९९५ साली भारतात आले. पुढे ते मालवणच्या आमच्या केबलवर पोहोचले, तेव्हा ही मालिका आम्ही मुंग्या आलेल्या पडद्यावर पाहिली होती, आणि त्या मुंग्यांमागे नेमके काय दडले होते ते आता कळते. चित्रकथांच्या क्षेत्रातून आलेल्या डग वाइल्डी यांनी या मालिकेतील माणसे गोलमटोल न काढता हाडामांसाची काढली आणि चेहऱ्यांवर शाईच्या गडद सावल्या टाकल्या. पहिल्याच भागात अटलांटिकमधील सरगासो समुद्रात जहाजे बुडवणारे सरडेमानव येतात. तेथील रात्रीच्या पाण्याचा काळसर हिरवा रंग पाहताना, आमच्या खडकांना धरून वाढणारे सरगॅसम शेवाळ ओहोटीच्या वेळी असेच दिसते, हे आठवल्याशिवाय राहिले नाही. चित्र इतके स्वच्छ आहे की हॅना-बार्बेरांची काटकसरही उघडी पडते: बोलताना केवळ ओठ हलतात, बाकीचा चेहरा स्तब्ध असतो आणि पळणाऱ्या पात्रांमागून तेच झाड पुन्हा पुन्हा सरकत जाते. मला त्यात उणेपण वाटले नाही. दर आठवड्याला अर्धा तास भरून काढायचा, तर हात आखडता घ्यावाच लागतो. होयट कर्टिन यांचे पितळी वाद्यांनी दणाणणारे शीर्षकसंगीत मात्र काटकसरीचे अजिबात नाही.

२००४ च्या डीव्हीडी संचात काही संवाद कापलेले होते. येथे ते परत आले आहेत, आणि त्यांत परक्या मुलखातील लोकांविषयीचे हिणकस उद्गारही आहेत. ते ठेवले हे योग्यच झाले, परंतु मुलांना हा संच दाखवताना मोठ्यांनी शेजारी बसावे. आपल्याला सर्वांत खटकतो तो हाजी. कोलकात्याच्या या अनाथ मुलाचे नाव हज करून आलेल्याचे, डोक्यावर रत्नजडित फेटा आणि तोंडी गारुड्याचे मंत्र! अमेरिकेत बसून भारत असाच एका गाठोड्यात बांधला जात असे. तरीही 'कॅलकटा ॲडव्हेंचर' हा भाग मी दोनदा पाहिला, कारण जॉनीचे शास्त्रज्ञ वडील डॉ. क्वेस्ट यांचे प्राण वाचवून हा मुलगा त्यांच्या घरात कसा आला, ते त्यात कळते. स्पष्ट ध्वनीमुळे एक गंमतही लक्षात आली: सुरुवातीच्या भागांनंतर डॉक्टरांचा आवाज बदलतो आणि तो देणारे डॉन मेसिक हेच बँडिट या कुत्र्याचेही आवाज काढतात.

संचात हिंदी किंवा मराठी ध्वनिपट्टी नाही. ज्यांनी मालिका पूर्वी पाहिलेली नाही, त्यांना वाहतूक खर्च आणि सीमाशुल्क धरून पडणारी किंमत जड वाटेल. मला ती वाटली नाही.

वेष्टनाचा एक कोपरा प्रवासात चेपला होता, पण डिस्कना ओरखडाही नाही. आमच्या माळ्यावरच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटींवर दोन पावसाळ्यांतच पांढरी बुरशी चढली होती. म्हणून हा संच सिलिका जेलच्या पुड्यांसह चकलीच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला आहे आणि दिवाळीपर्यंत तो डबा स्वयंपाकघराला परत मिळणार नाही, असे घरात सांगून झाले आहे.