जुना व्हॅक्स मेनफ्रेमला जोडायचाय? डीयूपी-११ चा ड्रायव्हर हुडका, नाहीतर कर्मिटवर भागवा

तुमच्याकडे व्हॅक्स-११ (डीईसी कंपनीचा जुना संगणक) चालू स्थितीत आहे, त्याच्या व्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टिमची सवय आहे आणि पलीकडचा आयबीएम मेनफ्रेम (मोठा मध्यवर्ती संगणक) बायसिंक (आयबीएमची जुनी, ठोकळ्यांनी डेटा पाठवण्याची पद्धत) व साधी टीटीवाय लाइन (टर्मिनलची अक्षरागणिक चालणारी) दोन्ही घेतो, असं धरून लिहितोय. मग वाटा दोनच. डीयूपी-११ हे बायसिंक लाइनचं कार्ड बसवून, त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) मिळवून २७८०/३७८० इम्युलेशन, म्हणजे आयबीएमच्या त्या नंबरांच्या टर्मिनलांचं सोंग, चालवायचं. किंवा आहे त्याच डीझेड-११ या टर्मिनल कार्डाच्या एखाद्या रिकाम्या पोर्टवरून कर्मिट या प्रोग्रॅमनं फायली पाठवायच्या. मी दोन्ही करून बसलोय.

बायसिंक जमलं तर सुख आहे, हे आधीच कबूल करतो. मेनफ्रेमच्या लेखी तुमचा व्हॅक्स म्हणजे लांब ठेवलेला कार्ड रीडर आणि प्रिंटर. जेसीएलची (मेनफ्रेमला काम सांगणाऱ्या सूचनांची) फाइल सोडा, जॉब रांगेत लागतो आणि आउटपुट आपणहून परत येतं. टीएसओला (मेनफ्रेमवर टर्मिनलवरून काम करण्याची सोय) लॉगऑन करण्याची भानगड नाही. त्यात ३७८० सलग आलेल्या स्पेस आवळून पाठवतो, त्यामुळे मोकळेढाकळे रिपोर्ट पटकन उतरतात. रोज रात्री ढीगभर जॉब जाणार असतील तर पुढचं वाचूही नका, हीच वाट धरा.

माझं घोडं अडलं ते ड्रायव्हरपाशी. बरंच शोधल्यावर एका टेपवर एक्सडब्ल्यूड्रायव्हर, म्हणजे डीयूपी-११ चाच ड्रायव्हर, सापडला. नुसती ईएक्सई (लिंक करून तयार झालेली) फाइल होती, पण तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. सिसजेनमध्ये (व्हीएमएसची ड्रायव्हर बसवण्याची युटिलिटी) लोड करायला गेलो तर उत्तर आलं: सिस्टिम व्हर्जन मिसमॅच, प्लीज रीलिंक. मशिनवर व्हीएमएसची व्ही-५ आवृत्ती, ड्रायव्हर व्ही-४ च्या काळातला. व्हीएमएसचा ड्रायव्हर त्या त्या आवृत्तीच्या सिस्टिम सिंबल टेबलशी (सिस्टिमच्या गाभ्यातल्या म्हणजे कर्नलमधल्या पत्त्यांची यादी) लिंक केलेला असतो. कर्नलमधले पत्ते हलले की तो निकामी. बरं, रीलिंक करायला ऑब्जेक्ट फाइल (लिंक करण्याआधीचा कोड) हवी, ती टेपवर नाही. आणि असती तरी निभावलं नसतं, कारण १९८८च्या व्ही-५ मध्ये एकाहून जास्त प्रोसेसरची सोय आली आणि जुन्या ड्रायव्हरांच्या सोर्समध्येच हात घालणं भाग पडलं. म्हणजे सोर्स हवा. मी महिनाभर सोर्सच्या मागे होतो. ‘प्लीज’ म्हणून इतकं छळणारा दुसरा संदेश मी पाहिलेला नाही. शेवटी व्ही-४ ची वेगळी डिस्क बूट करून बायसिंक चालवलं, म्हणजे मेनफ्रेमशी बोलायचं असेल तेव्हा बाकीची सगळी कामं बंद.

जाता जाता: कार्ड बसवणार असाल तर फ्लोटिंग, म्हणजे बसवलेल्या कार्डांच्या क्रमानुसार सरकणारे, अ‍ॅड्रेस तपासा. त्या उतरंडीत डीयूपी-११ चा नंबर डीझेड-११ च्या आधी लागतो. मध्ये दुसरं काही नसेल तर ऑक्टल ७६०१०० वर बसलेला डीझेड नव्या हिशेबात ७६०११० वर जातो. कार्डावरचे स्विच बदलले नाहीत तर ऑटोकॉन्फिगर (कार्डं आपोआप शोधणारा आदेश) त्याला भलत्याच जागी शोधतं आणि टर्मिनलं गप्प. माझी झाली होती.

कर्मिटला स्वतःचा ड्रायव्हरच लागत नाही. व्हीएमएससोबत आलेला टर्मिनल ड्रायव्हर पुरतो, आणि मला वाटतं इथेच अर्धा निकाल लागतो. १९८१मध्ये कोलंबिया विद्यापीठात कर्मिट जन्मला तेव्हा तिथे डीईसी-२० (डीईसीचाच मोठा संगणक) आणि आयबीएम मेनफ्रेम शेजारीशेजारी नांदत होते. म्हणून त्याच्या पाकिटात (फाइलचा एका वेळी जाणारा तुकडा) जवळपास सगळी छापता येणारी अक्षरं; वाटेत आस्कीचं एब्सिडिक (आयबीएमची वेगळी अक्षरसंकेत पद्धत) झालं तरी पाकीट फाटत नाही. व्हॅक्ससाठीचा कर्मिट-३२ ब्लिस या भाषेत लिहिलेला, पण सोबत मॅक्रो (व्हॅक्सची असेंब्ली भाषा) सोर्स आणि हेक्समध्ये उतरवलेली फाइलही मिळते. साध्या टेक्स्टसारखी आणायची आणि उलगडायची.

‘सेट आयबीएम_मोड ऑन’ दिलं की तो मार्क पॅरिटी (अक्षराचा तपासणी-बिट कायम १) धरतो आणि समोरून एक्सऑन (‘आता पाठव’ ही खूण) येईपर्यंत थांबतो. हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकाच बाजूनं बोलणाऱ्या) लाइनवर तेवढंच हवं असतं. टीएसओच्या बाजूला एलआरईसीएल (रेकॉर्डची लांबी) ८० आणि फिक्स्ड रेकॉर्ड आधी सांगून ठेवा, नाहीतर जेसीएलच्या ओळी वेड्यावाकड्या बसतात. चौकोनी कंस मात्र एकदा डोळ्यांनी तपासाच. भाषांतराच्या तक्त्यात ते हमखास हरवतात.

हळू आहे, नाही कशाला म्हणू? जुन्या पाकिटाची मर्यादा ९४ अक्षरांची, आणि दर पाकिटाला पोच येईपर्यंत ताटकळायचं. मोठी फाइल लावून मी सरळ दुसऱ्या कामाला लागतो. जॉबही आपोआप रांगेत जात नाही, टीएसओत जाऊन सबमिट करावा लागतो. तुमच्याकडे ड्रायव्हरचा सोर्स असेल, किंवा निदान तुमच्याच आवृत्तीची ऑब्जेक्ट फाइल, तर कदाचित तुमचं मत वेगळं होईल. माझा डीयूपी-११ सध्या अँटिस्टॅटिक पिशवीत आहे, आणि डीझेड परत ७६०१०० वर.