एम.ए. झालं, वेबसाइटही बनवता येते: प्राध्यापकी धरावी की कोडिंग?

मे महिना लागला की मला दोन-तीन फोन ठरलेले असतात. समोरच्याचं एम.ए. झालेलं असतं, मराठी, इतिहास नाहीतर समाजशास्त्रात. दरम्यान वेबसाइट बनवायला शिकून गावातल्या एखाद्या पतसंस्थेचं किंवा लॉन्सचं काम केलेलं असतं, चार पैसेही हातात आलेले असतात. प्रश्न एकच: "ताई, प्राध्यापकीच्या नेट-सेट परीक्षांच्या मागे लागू की हेच वाढवू? दोन्ही जमेल का?"

जमतं. अमळनेरात राहून मी गेली नऊ वर्षं दोन्ही करते आहे. पण जमवायच्या वाटा वेगवेगळ्या आहेत, आणि सगळ्यांना सर्वांत सोपी वाटणारी वाटच आपल्याकडे सर्वांत महाग पडते. म्हणून आधी तिच्याविषयी.

तासिका तत्त्व आणि जोडीला वेबची कामं

कागदावर हे गणित छान दिसतं. आठवड्याला मोजक्या तासिका, उरलेला वेळ आपला, नावाआधी 'प्रा.' लागतं आणि घरचेही खूश. पण पैसे घेतलेल्या तासिकेचेच मिळतात. दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुटीत काही नाही, नेमणूक दरवर्षी नव्याने, आणि परीक्षेची कामं, नॅकच्या (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या) फायली, स्नेहसंमेलन हे सगळं हिशेबाबाहेर. माझं पहिल्या वर्षाचं मानधन पुढच्या वर्षीच्या दिवाळीत एकरकमी हातात पडलं. तोवर लॅपटॉपचा हप्ता भरला तो वेबच्या कामांनी.

खरी अडचण पैशांहून वेळेची आहे. पहिली तासिका साडेसातला, दुसरी साडेअकराला. मधले तीन तास मोकळे म्हणायचे, पण स्टाफरूममध्ये बसून कोड लिहून होत नाही आणि संशोधनाचं वाचनही होत नाही. वेबचं काम तर वेळापत्रक पाहून येत नाही. जळगावच्या एका सराफाच्या वेबसाइटवर सोन्याचा भाव रोज सकाळी आपोआप बदलायची सोय मी करून दिली होती. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या दिवशी ती अडकली. मी परीक्षेच्या पर्यवेक्षणावर होते, मोबाइल बाहेर जमा. तीन तासांनी हातात घेतला तर एकोणीस मिस्ड कॉल, आणि पानावर अजून कालचाच भाव. ऐन खरेदीच्या दिवसांत गिऱ्हाईक जुना भाव दाखवून सराफाशी भांडत होतं. चूक माझीच होती, भाव बदलला नाही तर कळवणारी सूचना मी लावलीच नव्हती. त्या सराफाचं काम मी गमावलं.

सेट झाली असेल आणि शिकवायची मनापासून ओढ असेल तर दोन दिवसांत बसतील एवढ्याच तासिका घ्या. वर्गात उभं राहिल्याशिवाय आपल्याला हे काम आवडतं का ते कळत नाही, एवढ्यासाठी एक वर्ष जरूर द्यावं. त्यावर संसार मात्र उभा करू नये.

जेआरएफ किंवा कायम जागा

इथे फार विचार करायचं कारण नाही. जेआरएफ, म्हणजे नेटमध्ये वरचे गुण मिळवणाऱ्यांना मिळणारी संशोधनवृत्ती, मिळाली तर घ्या: पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, शिवाय घरभाडं भत्ता. मात्र फेलोशिप चालू असताना दुसरीकडून पगार किंवा मानधन घेता येत नाही. गावातली कामं तेव्हा विश्वासू जोडीदाराकडे रीतसर सोपवा, चोरून करू नका.

कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं, त्यावर भत्ते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांनुसार प्रत्यक्ष अध्यापन आठवड्याला १६ तास. खाजगी व्यवसाय परवानगीशिवाय करता येत नाही. पण वेब येणाऱ्या प्राध्यापकाला स्वतःच्या संशोधनासाठी कुणाच्या पाया पडावं लागत नाही, हा फायदा निवृत्तीपर्यंत टिकतो. प्रश्न जागेचा आहे. जाहिरात निघेल, मग त्यात आपल्या विषयाची आणि आपल्या प्रवर्गाची जागा असेल, यात वर्षं निघून जातात. नुसती वाट पाहत बसलेली हुशार मुलं मी डोळ्यांनी पाहिली आहेत, म्हणून सांगते.

आधी वेब, सोबत अर्धवेळ पीएचडी

माझा कौल याला. यूजीसीच्या २०२२च्या नियमांत अर्धवेळ पीएचडीला जागा आहे. नोकरीत असाल तर मालकाचं ना-हरकत पत्र लागतं. किमान तीन वर्षं, कमाल सहा, महिलांना वर दोन वर्षांची सवलत. कोर्सवर्क मात्र करावंच लागतं, तेवढे महिने कामं कमी घ्या.

वेबमध्येही दोन प्रकार आहेत. पुण्याच्या कंपनीची घरून नोकरी केली तर महिन्याला पैसा नक्की, पण दिवस तिचा, आपल्या वाट्याला फक्त रविवार. स्वतंत्र कामात पैसा मागेपुढे होतो, पण सकाळ आपली राहते. मी दुसरं निवडलं आणि नव्या वेबसाइटींच्या मागे धावणं सोडून वार्षिक देखभालीचे करार घेतले. सात-आठ करार असले की घर चालतं. निम्मी रक्कम आगाऊ घ्या, ओळखीतल्या माणसाकडूनही. सकाळी सहा ते दहा अभ्यास, फोन बंद. पीएचडी खऱ्या अर्थाने याच चार तासांत झाली.

दोन्ही एकमेकांना कुठे भेटतात

निवड करताना याचाही विचार करा, कारण सगळ्याच विषयांत हा सांधा सारखा जुळत नाही. माझा विषय खानदेशातल्या अहिराणीचे शब्द. मराठी 'डोळा' अहिराणीत 'डोया' होतो, 'काळा'चा 'काया'. शब्दसंग्रह वेबवर टाकला आणि पहिल्याच दिवशी कळलं की 'डोळा' टाइप करणाऱ्याला 'डोया' सापडत नाही. मग शोधाच्या कोडमध्ये नियम घातला: ळ असेल तिथे य धरूनही बघ. तो घातला तर 'काया' म्हणजे शरीर शोधणाऱ्यालाही 'काळा' दिसू लागला! प्रत्येक नोंदीला अर्थाची खूण जोडली तेव्हा कुठे सुटलं. नुसत्या प्रोग्रामरला हा नियम सुचला नसता, आणि नुसत्या भाषाभ्यासकाला तो लिहिता आला नसता.

क्रमाचंही तसंच. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंचात, ळ हा ल नंतर येतो, आपल्या वर्णमालेत ह नंतर. त्यामुळे संगणकाने लावलेल्या यादीत 'काळा' आधी, 'कावळा' आणि 'कासव' नंतर. आपल्याला हवं कावळा, कासव, काळा. मराठीचा क्रम वापर असं कोडमध्ये सांगावं लागतं. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवली नाही तर काही फाँट ल आणि श हिंदी वळणाचे दाखवतात. अहिराणीलाही स्वतःचं आंतरराष्ट्रीय भाषाचिन्ह आहे, एएचआर. ते पानावर लिहिलं त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

इतिहासवाल्यांसाठी तर धुळ्यातच खजिना आहे. इतिहासकार वि. का. राजवाडे १९२६च्या अखेरीस गेले आणि पाठोपाठ त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. जुन्या मराठी कागदपत्रांची मोडी लिपी २०१४ साली युनिकोडमध्ये आली. मोडी वाचणारा आणि वेबवर नीट मांडणारा माणूस एकच असेल तर त्याला काम पुरून उरेल. तत्त्वज्ञान किंवा निव्वळ समीक्षा हा विषय असेल तर सांधा सैल राहतो. तिथे वेब हे पोटाचं साधन एवढंच धरा, त्यात कमीपणा काही नाही.

एक सावधगिरी: निवड समितीपुढे शब्दसंग्रहाच्या वेबसाइटला शोधनिबंधाचे गुण सरळ मिळत नाहीत. ती कशी बांधली, कोणते निर्णय का घेतले, यावर निबंध लिहून छापावाच लागतो.

नेट वर्षातून दोनदा होते. २०२४पासून तिच्याच गुणांवर पीएचडी प्रवेशाची सोयही झाली आहे, आणि 'फक्त पीएचडी' गटातला निकाल एक वर्षच चालतो. म्हणून फॉर्म भरण्याआधी मार्गदर्शकाशी बोलून घ्या, आणि पहिला देखभालीचा करार त्याच्याही आधी करा.