फिटनेस बँड: पावसाळ्यापासून होळीपर्यंत वापरून

आधी निकाल सांगते. बँड रोज घालते आणि काढून टाकायचा विचार नाही. पण त्यावरच्या स्टेप्सच्या आकड्यावर माझा काडीचा विश्वास नाही.

घेतला पावसाळ्याच्या तोंडाला, दोन हजारांच्या आतला. रिपोर्टमध्ये शुगर काठावर आली होती आणि माझं काम पतसंस्थेत, म्हणजे दिवसभर खुर्ची. जिम मला जमणारी नव्हतीच. घर, ऑफिस, बाजार यातच जे काय हलायचं ते हलायचं असं ठरवलं, आणि भाचीने बँड मागवून दिला.

पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की भाकरी थापताना स्टेप्स वाढतात. ओट्यापाशी एका जागी उभी, आणि बँड म्हणतो चाललात! आत हालचाल टिपणारा सेन्सर असतो, त्याला मनगटाचे एका लयीत बसणारे झटके कळतात, पाय कळत नाहीत. उलट मंडईतून दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन आले की हात हलत नाहीत, मग खरी चाल अर्धीमुर्धीच मोजली जाते. म्हणजे ओझं घेऊन चाललं ते कमी आणि भाकरी जास्त. घरातली सगळी कामं अशीच उलटसुलट नोंदवली जातात. घरकामही शरीराला लागतंच, म्हणून मी फार वाद घालत नाही.

बायकांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण रिव्ह्यूमध्ये हे कुणी लिहीत नाही. बांगड्यांच्या हातात हा घालू नका. नाडीचे ठोके तो हिरव्या प्रकाशाने मोजतो. त्वचेखालचं रक्त कमीजास्त होतं तसा परत येणारा प्रकाश बदलतो, त्यावरून. बांगडीने पट्टा ढकलला आणि फट पडली की आकडा काहीही येतो. मी डाव्या हातातली एकच बांगडी ठेवली आणि बँड मनगटाच्या हाडाच्या जरा वर घट्ट बांधते. पट्ट्याखाली साबण अडकून पुरळ उठलं होतं, तेव्हापासून आंघोळीला काढते.

आता साताऱ्याचा मुद्दा. माझं घर राजवाड्याच्या वरच्या अंगाला, ऑफिस पोवई नाक्याला. स्कूटी घरी ठेवायला लागले. सकाळी उतार, संध्याकाळी मोती चौकातून चढ, शिवाय खांद्याला पर्स आणि हातात काहीतरी असतंच. दोन्ही वेळच्या स्टेप्स जवळपास सारख्या येतात. या किमतीच्या बँडला चढ कळत नाही, कारण हवेचा दाब मोजून उंची सांगणारा बॅरोमीटर त्यात नाही. सपाटीवर चालण्यापेक्षा चढावर अंग वर उचलायला कितीतरी जास्त जोर लागतो, ते स्टेप्समध्ये कुठंच येत नाही. ठोक्यांमध्ये मात्र येतं. सुरुवातीला वर पोचेपर्यंत बोलायला दम नसायचा, आता त्याच चढाला ठोके कमी पडतात आणि मी फोनवर बोलत येते. सगळ्या आकड्यांतला हा एकच मला खरा वाटतो.

रविवारी चढावरच्या ‘चार भिंती’ स्मारकापर्यंत, अंगात असेल तर अजिंक्यतारा किल्ल्यावर. एक सूचना: दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या बहुतेक चढल्यामुळे नाही, उतरल्यामुळे. उतरताना स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, म्हणून सावकाश उतरा.

बँडने पहिल्या दिवसापासून १०,००० चं टार्गेट लावून ठेवलेलं असतं. तो आकडा काही वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्यासोबत तो रूढ झाला. मी टार्गेट कमी करून टाकलं. जागतिक आरोग्य संघटना पावलांऐवजी मिनिटांत सांगते: मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं, दम जरा वाढेल इतपत हालचाल. २०२० च्या सूचनांत सलग दहा मिनिटं तरी हवीत ही जुनी अटही गेली. माझ्यासारखीला हे फार सोयीचं, कारण सलग वेळ मिळतो कुणाला?

आणि इथेच बँडचे पैसे वसूल होतात. तासभर हलले नाही की तो मनगटावर थरथरतो. मार्चएंडच्या गडबडीत हा प्रकार फार चिडचिड करतो, पण उठायला लावतो. पाणी आणायला, वरच्या मजल्यावर सही घ्यायला आता मीच जाते, शिपाईमामांना पाठवत नाही. डबा खाल्ल्यावर गच्चीत फेऱ्या मारते. चालताना स्नायू रक्तातली साखर स्वतः ओढून घेतात, त्यासाठी इन्सुलिनची वाट बघत बसत नाहीत. म्हणून जेवणानंतरचं चालणं शुगरवाल्यांना विशेष उपयोगी.

१९५३ साली लंडनच्या दुमजली बसवाल्यांचा अभ्यास छापून आला होता. जेरेमी मॉरिस या डॉक्टरांना दिसलं की दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी. दोघे एकाच बसवर, एकाच पाळीला! पुढे या अभ्यासावर शंकाही निघाल्या, ड्रायव्हर मुळातच जाडे असायचे वगैरे. पण पतसंस्थेच्या खुर्चीत बसून मला आपण कोणत्या बाजूला आहोत ते बरोबर कळलं.

तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी परत केली. काठावरून थोडी मागे आलीय. रात्रीचा भातही कमी केला होता, तेव्हा सगळं श्रेय चालण्याला देत नाही, बँडला तर नाहीच.

बाकी किरकोळ. झोपेचे आकडे बघायचे सोडले, टीव्हीसमोर निवांत बसले तरी झोपले म्हणतो. ठोके सतत मोजायला लावले तर बॅटरी खोक्यावर लिहिलंय त्याच्या निम्मी टिकते. मराठी मेसेज आला की स्क्रीनवर नुसते चौकोन दिसतात, ही मात्र कंपनीला लाज वाटावी अशी गोष्ट. रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा दाखवतो, पण त्यावरून औषधपाण्याचं काही ठरवू नका.

तुमचं गाव चढउताराचं असेल आणि चढही मोजून हवा असेल तर बॅरोमीटर आहे का ते बघूनच घ्या, पैसे जास्त पडतात. नाहीतर स्वस्तातला पुरे. फक्त बसून राहिल्याची आठवण सेटिंगमध्ये आधी चालू करा, माझ्या बँडमध्ये ती बंदच आली होती.