बोटाचा ऑक्सिमीटर की मनगटावरचं घड्याळ?

मावशीचा फोन आला: काकांना दम्याचा त्रास, रक्तातला ऑक्सिजन बघायला बोटाचा चिमटा (ऑक्सिमीटर) घेऊ की घड्याळ?

दोन्हींचं तत्त्व एकच, जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलेलं. रक्तातलं ऑक्सिजन वाहणारं द्रव्य म्हणजे हिमोग्लोबिन; ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन लाल (सुमारे ६६० नॅनोमीटर) व अवरक्त (सुमारे ९४०) प्रकाश वेगवेगळा शोषतं, त्यावरून ऑक्सिजनची टक्केवारी कळते. चिमट्यात हा प्रकाश बोटाच्या आरपार जातो. घड्याळात तो मनगटातून उलटा परततो, म्हणून संकेत मुळातच क्षीण. पट्टा सैल असला किंवा हात हलला की आकडा भरकटतो.

चिमट्यालाही पथ्य आहे. नखाला रंग नको, हात गार असतील तर चोळून गरम करायचे, आकडा स्थिरावेपर्यंत थांबायचं. सावळ्या त्वचेवर दोन्ही उपकरणं कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. धाप लागली असेल तर ९६ टक्के बघून घरी बसू नये.

किमतीत चिमटा कितीतरी स्वस्त. घड्याळाचं बलस्थान म्हणजे झोपेतही आपोआप होणारी नोंद.

मावशी, काकांसाठी चिमटाच घे. रोज चालणाऱ्या धडधाकट माणसाला नाडीचा कल बघायला घड्याळ छान.