राहती वाडी, दिवसाची वाडी की घरचीच वाडी?

ऑटिझम किंवा तसं अपंगत्व असलेल्या आपल्या मोठ्या मुलासाठी कामाची-राहण्याची वाडी बघायला मे महिन्यात जाऊ नका. मे महिन्यात कोकणातली कुठलीही वाडी छानच दिसते. कलमं लगडलेली, खळ्यात आमसुलं वाळत घातलेली, प्रत्येकाच्या हाताला काम. जुलैत जा. पाऊस थांबत नाही, वीज सकाळपासून गेलेली, अशा दुपारी तिथली मुलं काय करत असतात ते बघा. मुलं म्हणायची सवय झालीय, पण ही तीस-पस्तीस वर्षांची माणसं आहेत.

माझा धाकटा भाऊ बाबू २९ वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे, बोलतो मोजकंच. त्याची शाळा सुटल्यावर पुढे काय, हा प्रश्न आमच्या घरात रोज जेवताना असायचा. दोन वर्षं आम्ही जागा बघितल्या. त्यातून जे कळलं ते आता ठरवायला बसलेल्यांसाठी लिहिते आहे.

राहत्या वाडीची, म्हणजे माणूस तिथेच राहून काम करतो अशा वाडीची, कल्पना जुनी आहे. डॉ. कार्ल कोनिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० साली स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबरडीनजवळ कॅम्पहिल सुरू केलं. सांभाळणारे आणि सांभाळले जाणारे एकाच घरात राहतात, एकाच पंगतीला जेवतात, एकाच शेतात राबतात, हे त्याचं मूळ. आपल्याकडे मुळशी तालुक्यातल्या कोळवण खोऱ्यात साधना व्हिलेज १९९४ पासून प्रौढांसाठी असं घर चालवतं. राहती वाडी बघायला निघण्याआधी एक प्रश्न मनात ठेवा: इथली सांभाळणारी माणसं रात्री कुठे झोपतात? त्याच घरात झोपत असतील तर ते घर. संध्याकाळी पाळी बदलून निघून जात असतील तर ते वसतिगृह, मग भोवती कितीही माड असोत.

आम्हाला एक जागा फार आवडली होती. माणसं प्रेमळ, विहिरीला भरपूर पाणी, गोठा स्वच्छ. फक्त राहायच्या खोल्यांवर पत्रा होता. पावसाची जोराची सर आली आणि बाबूने दोन्ही हातांनी कान दाबले, पडवीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहिला तो सर ओसरेपर्यंत. तिथल्या ताई म्हणाल्या, "होईल हळूहळू सवय." बाबूला आवाज दुखतो. दुखण्याची सवय होत नाही. कौलारू खोली त्यांच्याकडे एकच होती आणि तिच्यात भाताची पोती होती. आई परतीच्या वाटेवर एक शब्द बोलली नाही.

दिवसाच्या वाडीत माणूस सकाळी जातो, संध्याकाळी घरी येतो. इथे खरा तपास कामाचा करायचा. निसर्गात मन शांत होतं हे सगळेच सांगतात, पण चिखल, चिकटपणा, वास यांचा काहींना फार त्रास होतो. बाबूला रातांबे फोडायला बसवलं तर रस हाताला लागल्याबरोबर तो उठून गेला. तेच रोपवाटिकेत पिशव्या भरायला दिल्या आणि त्याचं काम बघत राहावं असं झालं. माती आणि शेणखत कालवलेलं, पिशवी काठाखाली दोन बोटं रिकामी, तळाला दोनदा आपटून ओळीत उभी. एक पिशवी तिरकी राहिली तर तो परत येऊन सरळ करतो. कोकणात आंब्याची कोय कलमं पावसाळ्यातच बांधतात, त्यामुळे चांगल्या रोपवाटिकेत जून ते ऑगस्ट आडोशाला भरपूर काम असतं. ज्या वाडीत पावसाळ्याचं काम ठरलेलं नाही, तिथे चार महिने टीव्ही लावून बसवतात. आम्ही ते पाहिलं आहे.

दिवसाच्या वाडीची लंगडी बाजू म्हणजे गाडी. घाटात दरड आली, चालक रजेवर गेला, की त्या दिवसाची घडी मोडते, आणि घडी मोडली की पुढचे दोन दिवस घरात कोणाला झोप नाही. गणपतीत वाडी किती दिवस बंद असते ते आधीच विचारा आणि घरच्या कॅलेंडरवर मुलाला दिसेल असं लिहून ठेवा. कामाचे पैसे त्याच्या खात्यावर जमा होतात का, हेही विचारा. रक्कम थोडी असली तरी चालेल, पण विचारा.

घरची वाडी सगळ्यात सोपी वाटते. आमची काजूची दीडशे झाडं आहेत, अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, वाटायचं बाबू इथेच रमेल. रमला असता, पण सोबतीला वयाचं माणूस नाही, आणि अण्णांचे गुडघे उतारावर चालत नाहीत. मुंबईहून येऊन जमीन घ्यायचा विचार करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं. चार पालकांनी मिळून घ्यायची असेल तर वकिलाकडे आधी जा, जागा बघायला नंतर.

तिन्ही ठिकाणी एक चौकशी अगदी स्पष्ट करा. रत्नागिरीकडे फुरसं हा विषारी साप फार, आणि आपल्या माणसाला "चावलं" हे सांगता येईलच असं नाही. सगळ्यांना गमबूट आहेत का, सर्पदंशावरचं प्रतिविष असलेलं जवळचं रुग्णालय किती मिनिटांवर, रात्री गाडी कोण काढतं? उत्तर अडखळत आलं तर परत या.

कागदांचंही बघा. अठरा वर्षं पूर्ण झाली की आई-वडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. त्याच न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. युडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, हाताशी असू द्या.

माझं मत विचाराल तर आई-वडील हिंडते-फिरते असताना दिवसाची वाडी, आणि त्याच काळात राहत्या वाडीत थोडे थोडे मुक्काम. सगळं एकदम, आई गेल्याच्या तेराव्या दिवसानंतर, करायची वेळ कोणावर येऊ नये. ज्यांच्या घरी आज सांभाळणारं एकच माणूस आहे, त्यांनी मात्र राहत्या वाडीपासूनच सुरुवात करावी.

बाबू आता आठवड्याचे पाच दिवस रोपवाटिकेत जातो. महिन्यातून दोन रात्री दुसऱ्या एका राहत्या वाडीत राहतो, तिथे कौलं आहेत. पहिल्या रात्री तो जागाच होता. तिसऱ्या महिन्यात त्याने आपली उशी स्वतः पिशवीत भरली.