ट्यूडर मंडळींना बोलवायचं की त्यांच्यात सामील व्हायचं?

इंग्लंडमधल्या मराठी घरांत हा विषय बहुधा मुलांच्या दप्तरातून येतो. शाळेत ट्यूडर काळ, म्हणजे इंग्लंडवर ट्यूडर घराण्याचं राज्य होतं तो काळ, शिकवायला घेतला की पालकांपैकी कुणीतरी विचारतं, तो पोशाख घालून येणारी माणसं बोलवायची का? आणि ती येऊन गेली की घरातल्याच कुणाला तरी वाटायला लागतं, आपल्यालाही यांच्यात जाता येईल का? प्रश्न दोन असले तरी पारख एकच, असं माझं ठाम मत आहे. गटात राजा कोण होतो ते बघू नका, कामं कोण करतं ते बघा. आठव्या हेन्रीच्या वेशातला धिप्पाड माणूस फोटोत शोभतो. पण त्या काळातली बहुतेक माणसं पीठ मळत होती, सूत कातत होती, गुरं राखत होती. हे ज्यांना हातांनी करून दाखवता येतं, त्यांच्याकडे जावं.

बोलवायचं असेल तर

एक पर्याय म्हणजे व्यावसायिक, एकटा येणारा किंवा जोडीने येणारा सादरकर्ता. दुसरा म्हणजे हौशी गट. शाळेसाठी मी पहिलाच निवडेन, कारण हौशी मंडळी आठवडाभर आपापल्या नोकऱ्यांवर असतात आणि शाळा भरते नेमकी तेव्हाच. व्यावसायिक माणूस सकाळी गाडीतून सामान घेऊन येतो, हॉलमध्ये टेबलं मांडतो आणि एकेका वर्गाला वेळापत्रकाप्रमाणे सांभाळतो. विम्याची कागदपत्रं त्याच्याकडे तयार असतात, शाळेने विचारलंच तर डीबीएस तपासणीचंही, म्हणजे गुन्हेगारी नोंद तपासल्याचं. एका दिवसाचे काहीशे पौंड होतात. मर्यादा एवढीच की हात दोनच असतात. बोलणं, वस्तू हाताळायला देणं, एखादा नाच बसवणं इथपर्यंत मजल जाते. हॉलमध्ये चूल काही पेटवता येत नाही.

गावची जत्रा, जुन्या वाड्यातला उन्हाळी कार्यक्रम किंवा मंडळाचा मैदानावरचा मेळावा असेल, तर हौशी गटाला तोड नाही. पंधरा-वीस माणसं तंबू ठोकतात. कुणी चुलीवर वाळलेल्या वाटाण्यांचं आणि ओटचं पॉटेज, म्हणजे दाटसर कढण, रटरटत ठेवतं, कुणी मंजिष्ठेत लोकर रंगवतं, कुणी चामडं शिवतं. मानधन सहसा गटाच्या सामायिक निधीत जातं आणि माणशी हिशोब केला तर ते स्वस्तच पडतं. पण सरपण, पेंढा, पाणी, शौचालय, गाड्या लावायला जागा आणि जमिनीवर विस्तव पेटवायची परवानगी ही सगळी जबाबदारी तुमची. हे आधी लेखी ठरवलं नाही तर ऐन सकाळी पळापळ होते.

बोलण्याची पद्धतही आधीच विचारून घ्या. काही गट पूर्ण भूमिकेत राहतात. त्यांच्या लेखी साल १५८८ असतं आणि तुम्ही चहा मागितलात तर तो काय पदार्थ, असंच तोंड करतात. दहा-अकरा वर्षांची मुलं यात रंगून जातात. त्याहून लहान मुलं मात्र बावरतात. भारतातून आलेले आजी-आजोबा सोबत असतील तर जुन्या वळणाचं इंग्रजी त्यांच्या डोक्यावरून जातं. अशा वेळी वेश त्या काळचा पण बोलणं आजचं, असा गट बरा. चातीवर सूत कातणाऱ्या बाईशेजारी आजी बसल्या की भाषेवाचून काही अडत नाही.

खरं-खोटं ओळखायचं कसं

गटाचे फोटो बघताना आधी डोक्यांकडे बघा. १५७१ च्या कायद्याने काही वर्ग वगळता सहा वर्षांवरच्या प्रत्येकाला रविवारी आणि सणाच्या दिवशी इंग्लंडमध्येच बनवलेली लोकरी टोपी घालणं बंधनकारक होतं. न घातल्यास दिवसाला ३ शिलिंग ४ पेन्स दंड. देशातला लोकरीचा धंदा टिकावा म्हणून केलेला हा कायदा १५९७ मध्ये रद्द झाला, पण डोकं झाकायची रीत त्याच्या आधीही होती आणि नंतरही राहिली. बायकांच्या डोक्याला लिननची कॉइफ, म्हणजे घट्ट बसणारी टोपी, असायची. केस मोकळे सोडलेल्या पाच-सहा बाया फोटोत दिसल्या तर पुढचा गट बघावा.

मग काळ विचारा. ट्यूडर म्हणजे १४८५ ते १६०३, तब्बल ११८ वर्षं. आठव्या हेन्रीच्या दरबारातला रुंद खांद्यांचा झगा आणि एलिझाबेथच्या अखेरच्या वर्षांतली मोठी चुणीदार रफ कॉलर एकाच तंबूत दिसली तर कुठेतरी गडबड आहे. १९६८ मध्ये सुरू झालेली ‘सील्ड नॉट’ ही संस्था मोठी आणि नावाजलेली आहे, पण ती सतराव्या शतकातल्या इंग्लिश यादवी युद्धाची. ट्यूडर शोधणारे बरेच जण तिच्यापाशीच थांबतात.

आणि समोरची वस्तू हातात घेऊन विचारा, ‘हे कशावरून केलंत?’ चांगला गट लगेच उत्तर देतो. १९ जुलै १५४५ रोजी बुडालेलं आठव्या हेन्रीचं ‘मेरी रोझ’ हे लढाऊ जहाज १९८२ मध्ये वर काढलं, त्यात सापडलेले जोडे, कंगवे, लाकडी वाडगे, शंभराहून जास्त धनुष्यं आज पोर्ट्समथच्या संग्रहालयात आहेत. कुणी त्यांच्याकडे बोट दाखवेल, कुणी हेन्रीचा दरबारी चित्रकार होल्बाइन याच्या चित्रांकडे. नुसतं ‘तेव्हा असंच असायचं’ हे उत्तर पुरेसं नाही.

अस्सल कापडाचा आग्रह हा हट्ट वाटेल, पण त्यात सुरक्षितताही आहे. लोकरीच्या झग्यावर ठिणगी पडली तर सहसा तेवढाच ठिपका जळून विझतो. पॉलिस्टर वितळतं आणि कातडीला चिकटतं. चुलीपाशी काम करणारा गट पडद्याच्या कापडाचे झगे घालून आला, तर मी तरी माझी मुलं जवळ जाऊ देणार नाही.

बंदुकीचा बार हवा असेल तर परवाने विचारा. तोड्याच्या बंदुकीला शॉटगन प्रमाणपत्र लागतं आणि तिच्यात भरायच्या काळ्या स्फोटक दारूला पोलिसांचं स्फोटकांचं वेगळं प्रमाणपत्र.

सामील व्हायचं असेल तर

एका टोकाला सफकमधलं केंटवेल हॉल, एक जुना वाडा. १९७९ पासून तिथे ट्यूडर जीवन उभं केलं जातं, त्यासाठी शेकडो लोक बिनपगारी येऊन राहतात, ठरलेल्या वर्षातली माणसं होऊन बोलतात आणि दिवसभर आपापलं काम करतात. सुतारकाम, दुग्धशाळा, स्वयंपाकघर, जे शिकायचं त्यात पुरतं बुडून जाता येतं. पण आधी अर्ज, मग तयारी आणि वार्षिक रजेतला चांगला घसघशीत तुकडा. दुसऱ्या टोकाला सुट्टीच्या दिवशी जमणारे छोटे गट. तिथे वर्षाला चार कार्यक्रमांना गेलात तरी चालतं, मुलांना सोबत नेता येतं, नवख्याला पोशाख उसना मिळतो. तिसरा प्रकार लढाईवाल्यांचा: भाले, तलवारी, कवायत. तिथे मैत्री पटकन होते, पण संसार कसा चालायचा हे फारसं कळत नाही. नोकरी आणि लहान मुलं असतील तर छोट्या गटापासून सुरुवात करा. एकटे असाल आणि हाताला खरंच काही शिकवायचं असेल तर केंटवेलसारखी जागा.

वर्गणीचं ओझं नसतं, खर्च पोशाखाचा. हाताने शिवलेले जोडेच शंभर पौंडांच्या पुढे जातात. त्याहून जास्त लागतो तो वेळ. पुरुषाची होज (पायांना घट्ट बसणारी विजार) डब्लेटला (अंगाबरोबरच्या आखूड कोटाला) नाड्यांनी बांधतात आणि त्या नाड्यांसाठी कडेने भोकं करावी लागतात. भोक कापायचं नाही. आरीने धागे बाजूला सारायचे आणि भोवती टाके घालायचे, म्हणजे ताण आला तरी कापड फाटत नाही. एका डब्लेटला अशी कितीतरी. घालताना पाठीमागच्या नाड्या बांधायला दुसरं माणूस लागतंच.

‘आपल्या रंगाची माणसं तिथे शोभतील का?’ हा प्रश्न मनात असतो, म्हणून सरळ लिहिते. शोभतात. सातव्या आणि आठव्या हेन्रीच्या पदरी जॉन ब्लँक हा आफ्रिकन तुतारीवादक पगारावर होता, १५११ च्या वेस्टमिन्स्टरमधल्या शस्त्रस्पर्धेचं चित्रण असलेल्या लांब गुंडाळीत तो दोनदा दिसतो. आपला धागा तर आणखी जवळचा. क्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स हे ट्यूडर इंग्लंडमध्ये जन्मलेले इंग्रज. ते १५७९ मध्ये गोव्यात पोहोचले आणि तिथून त्यांनी वडिलांना पत्र लिहिलं. १५८३ मध्ये राल्फ फिच हा इंग्रज व्यापारी आणि त्याचे सोबती गोव्याच्या तुरुंगात पडले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी धडपडणाऱ्यांत स्टीफन्स होते. मिरी, दालचिनी, लवंगांचं टेबल मांडून हे सांगायला मराठी माणसाइतका योग्य कोण? तरीही एखाद्या गटाने कपाळाला आठ्या घातल्या तर तो गट सोडा. दुसरे भरपूर आहेत.

ठरवण्याआधी हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याची स्वयंपाकघरं किंवा ससेक्समधलं जुन्या घरांचं वील्ड अँड डाउनलँड संग्रहालय बघून या. मग आवडलेल्या गटाच्या एका कार्यक्रमाला साध्या कपड्यांत जा, संध्याकाळी भांडी घासायला थांबा आणि तेव्हा लोक एकमेकांशी कसे बोलतात ते ऐका. कापड त्यानंतर घ्या, तेही गटातल्या शिवणाऱ्या बाईला विचारून. पहिला कपडा लिननचा स्मॉक, म्हणजे आतून घालायचा सैल झगा. तो चौकोन आणि त्रिकोणांतच कापला जातो, बिघडला तरी फारसं कापड वाया जात नाही.