ब्लेअर की कॅमरन?

ताई ग्लासगोला, जिजू तिकडचेच स्कॉटिश, त्यामुळे बाळाला मुलगा-मुलगी दोघांनाही चालेल असं स्कॉटिश नाव हवंय आणि तिकडे २१ दिवसांत जन्मनोंदणी करायची असते म्हणून आधीच घाई चाललीय. यादीत उरलीत दोनच, ब्लेअर आणि कॅमरन. गंमत म्हणजे दोन्ही मुळात आडनावं आणि दोन्ही आडनावांचे ब्रिटिश पंतप्रधान होऊन गेलेत!

कॅमरन म्हणजे गेलिक या जुन्या स्कॉटिश भाषेत चक्क 'वाकडं नाक' :) आता बारशाला कोणी अर्थ विचारला तर काय सांगणार? पण हे स्कॉटलंडमधल्या लोखाबर भागातल्या जुन्या कॅमरन क्लॅनचं, म्हणजे कुळाचं नाव, वजनदार वाटतं, आणि कॅमरन डियाझमुळे मुलीला पण शोभतं हे सगळ्यांना माहितीय. तरी स्कॉटलंडमध्ये ते जास्त करून मुलांचंच.

ब्लेअरचा अर्थ मैदान, रणभूमीसुद्धा. छोटं, सुटसुटीत. अमेरिकेत मुलींना जास्त ठेवतात, स्कॉटलंडमध्ये मुलांना, म्हणजे खरं दोन्हीकडे चालणारं हेच. फक्त आजीला ऐकल्याऐकल्या पोर्ट ब्लेअर, काळं पाणी अन् सावरकर आठवले, आणि २०२४ मध्ये त्या शहराचं नाव श्री विजयपुरम झालंय हे सांगून पण उपयोग नाही झाला.

माझं मत ब्लेअरलाच. आजी काय, घरी सोनूच म्हणणारे.